इन्हा प्रकल्प नोंदी : लूप मिटतो की नाही

३ जून २०२४

लक्ष्य पक्कं: क्षयजंतूचं इन्हा हे एन्झाइम, म्हणजे २-ट्रान्स-एनॉइल-एसीपी रिडक्टेज. एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या वाणाच्या जीनोममध्ये त्याचं जनुक आरव्ही१४८४. २६९ अमिनो आम्लं, वजन साधारण २८.५ किलोडाल्टन, पाण्यात चार साखळ्यांचा टेट्रामर. काम: एनएडीएच (हायड्रोजन पुरवणारा मदतनीस रेणू, म्हणजे कोफॅक्टर; हायड्रोजन दिल्यावर उरतो तो एनएडी) वापरून मायकोलिक आम्लं बनवणाऱ्या लांब साखळ्यांतला दुहेरी बंध एकेरी करणं. हे थांबलं की पेशीभित्तिका कच्ची राहते आणि जंतू मरतो.

१९५२ पासून वापरात असलेलं क्षयाचं औषध आयसोनियाझिड इथेच मारा करतं, पण थेट नाही. जंतूचंच कॅटजी हे एन्झाइम त्याला आधी जागं करतं. त्यातून निघालेला तुकडा एनएडीच्या निकोटिनामाइड कड्याला चौथ्या जागी जोडला जातो आणि तयार झालेला जोडरेणू इन्हाला ०.७५ नॅनोमोलर (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) इतक्या ताकदीनं धरून बसतो. रुग्णांत प्रतिकार दिसतो तो बहुतेक वेळा इन्हामध्ये नसतो, कॅटजीमध्ये असतो. ३१५ व्या जागी सेरिनऐवजी थ्रिओनिन आलं की कॅटजीच्या आतल्या हीमकडे, म्हणजे जिथे औषध जागं होतं तिकडे, जाणारी वाट अरुंद होते आणि औषध जागंच होत नाही. म्हणजे कुलूप शाबूत आहे, किल्ली घडवणारा संपावर आहे. आपल्याला तयार किल्ली हवी: कॅटजीची गरज नसलेला, इन्हाला थेट अडवणारा रेणू.

एक सूचना आजच लिहून ठेवतो. आयसोनियाझिडचा सुटा रेणू इन्हात डॉक करून (संगणकावर बसवून बघून) «चांगला स्कोअर आला» असं सांगणारे अहवाल ढीगभर सापडतात. त्याला अर्थ नाही. सुटं आयसोनियाझिड इन्हाला अडवतच नाही. १झेडआयडी ही संरचना (हा प्रथिन-संरचनांच्या पीडीबी कोशातला क्रमांक) उघडून बघा, तिथे बसलाय तो जोडरेणू.

आणि मर्यादाही आजच: इन्हाच्या प्रमोटरमध्ये (जनुक किती चालवायचं ते ठरवणारा, त्याच्या आधीचा डीएनए) -१५ जागी सीऐवजी टी आलेल्या जंतूंत इन्हाच जास्त बनतं. तिथे थेट अडवणाऱ्या रेणूचीही मात्रा जास्त लागणार. कॅटजी टाळता येतं, हे नाही.

७ जून

संरचना निवडल्या. नुसतं रेझोल्यूशन बघून निवडायचं नाही, लूप कुठे आहे ते बघायचं. साधारण १९५ ते २१० क्रमांकाच्या अमिनो आम्लांचा सब्स्ट्रेट-बाइंडिंग लूप (सब्स्ट्रेट म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू) पॉकेटच्या, म्हणजे रेणू बसतो त्या खोबणीच्या, तोंडावर झाकणासारखा असतो.

१ईएनवाय (१९९५): फक्त कोफॅक्टर. असममित एककात (क्रिस्टलमध्ये परत परत येणाऱ्या लहानात लहान तुकड्यात) एकच साखळी, टेट्रामर सममितीतून बनवावा लागतो.
१झेडआयडी (१९९८): आयसोनियाझिड-एनएडी जोडरेणू. फेनिलअॅलनिन १४९ ची बाजूची साखळी सुमारे ९० अंशांत वळून पिरिडिन कड्यासमोर सपाट उभी राहिलेली दिसते.
२बी३७: ५-ऑक्टिल-२-फिनॉक्सिफिनॉल, ट्रायक्लोसान या जंतुनाशकाच्या घराण्यातला. लूप विस्कळीत.
२एक्स२३: पीटी७०. तोच सांगाडा, शेपूट हेक्सिल आणि दुसऱ्या कड्यावर एक मिथाइल. लूप जागेवर, मिटलेला.
४बीक्यूपी: मिथाइल-थायाझोल, बंगळुरूच्या अॅस्ट्राझेनेका केंद्रातल्या कामातून २०१३ साली आलेला. यात टायरोसिन १५८ बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे.

२बी३७ आणि २एक्स२३ यांतले रेणू एकमेकांचे सख्खे भाऊ. एकात लूप सुटा, एकात मिटलेला. एका मिथाइलनं एवढा फरक पडतो. पीटी७० इन्हावर सुमारे २४ मिनिटं टिकून राहतो. ऑक्टिलवाला येतो आणि जातो. पुढचं सगळं काम या फरकाभोवती फिरणार.

संगणकानं भाकीत केलेलं मॉडेलही उतरवलं. कणा सुरेख आहे, पण त्यात कोफॅक्टर नाही आणि लूपची एकच अवस्था दिलेली आहे. त्यावर डॉकिंग करणार नाही.

१२ जून

फाइली साफ केल्या. चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर.

कोफॅक्टर काढायचा नाही. «लायगँड काढा» (लायगँड म्हणजे प्रथिनात बसलेला लहान रेणू) म्हणून दिलेली स्क्रिप्ट एनएडीही उडवते आणि पॉकेटचा तळच गायब होतो. पहिल्या फेरीत नेमकं हेच झालं. स्कोअर उत्तम आले, कारण रेणू निकोटिनामाइडच्या रिकाम्या जागेत जाऊन आरामात बसले होते.

कोफॅक्टर कोणता तेही हातानं ठरवायचं. फाइलीतल्या लेबलवर विश्वास नको. आत एनएडीएच असूनही काही ठिकाणी नाव एनएडीचंच असतं. डायफॉस्फेटचे दोन ऋण भार धरले तर एनएडीचा एकूण भार -१ आणि एनएडीएचचा -२. ट्रायक्लोसानच्या घराण्यातले रेणू एनएडी बसलेल्या इन्हाला पकडतात, थायाझोलवाले एनएडीएच बसलेल्याला. ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या प्रोग्रामचं गणित भार मोजतच नाही, त्यामुळे तिथे ही चूक लपून राहते. मॉलिक्युलर डायनॅमिक्सला (अणूंची हालचाल क्षणाक्षणानं काढणाऱ्या गणिताला) गेलं की ती वर येते: कडं किंचित वाकलेलं हवं तिथे सपाट राहतं आणि रेणू पहिल्या काही नॅनोसेकंदांत सरकतो.

पाण्याचे रेणू: कोफॅक्टरच्या फॉस्फेटजवळचे ठेवले, बाकीचे काढले. लायसिन १६५ प्रोटॉनसह. हिस्टिडिनचे प्रोटॉन एकेक करून आजूबाजूचे बंध बघून ठरवले.

१९ जून

रीडॉकिंग, म्हणजे रेणू त्याच्याच संरचनेत परत बसवून बघणं. शोधायची पेटी २२ × २२ × २२ अँगस्ट्रॉम, मध्य मूळ लायगँडवर, एग्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा) ८ वरून ३२ वर नेली. पीटी७० परत २एक्स२३ मध्ये: मूळ जागेपासूनचं अंतर १ अँगस्ट्रॉमच्या आत. हायड्रॉक्सिल गट टायरोसिन १५८ आणि कोफॅक्टरच्या रायबोजच्या २'-हायड्रॉक्सिलला धरतो, जसं क्रिस्टलमध्ये आहे तसंच.

यावर खूश होऊ नये. मूळ पॉकेटमध्ये मूळ रेणू बसतोच. तो साचा त्याच्याच मापाचा आहे. खरी परीक्षा अदलाबदलीची. पीटी७० ला २बी३७ मध्ये घातलं: फिनॉल कडं बरोबर बसलं, शेपूट लूपच्या मोकळ्या जागेतून पाण्यात गेलं. थायाझोलला २एक्स२३ मध्ये घातलं: पूर्ण फसलं. टायरोसिन १५८ आत वळलेलं असल्यानं तिथे जागाच नाही, रेणू तोंडाशी आडवा पडला.

निर्णय: एका संरचनेवर चाळणी (डॉकिंगनं रेणूंची यादी गाळणं) लावायची नाही. तीन रिसेप्टर (रेणू ज्यात बसवायचे त्या संरचना): लूप मिटलेला (२एक्स२३), लूप सुटा (२बी३७), टायरोसिन बाहेर (४बीक्यूपी). प्रत्येक रेणूचा तिन्हींतला क्रमांक वेगळा लिहायचा. सरासरी काढायची नाही. सरासरीत नेमका हवा तोच रेणू बुडतो.

१० जुलै

चाळणी झाली. वरच्या यादीतून हातानं वगळलेले: रोडानिन, कॅटेकॉल, क्विनोन. हे कुठल्याही अॅसेमध्ये (एन्झाइमच्या चाचणीत) «सापडतात». तसेच ज्यांचा स्कोअर फक्त लांब शेपटामुळे मोठा आहे ते. इन्हाचं पॉकेट चरबीला चटावलेलं आहे: मेथिओनिन १०३, १५५, १६१, १९९, आयसोल्यूसिन २१५, ल्यूसिन २१८. तिथे कुठलंही तेलकट शेपूट घातलं की आकडा वाढतो. म्हणून नियम: टायरोसिन १५८ किंवा रायबोजशी किमान एक बंध, नाहीतर थायाझोलसारखा बाहेरचा पवित्रा. मगच यादीत.

४० रेणू मागवले.

२२ जुलै

प्रथिन बनवणं. पीईटी१५बी प्लाझ्मिड (जनुक वाहणारं डीएनएचं कडं), एन-टोकाला निकेलला चिकटणारे सहा हिस्टिडिन, ई. कोलायचा बीएल२१(डीई३) पीलायसएस वाण. २ लिटर एलबी माध्यम, अँपिसिलिन १०० आणि क्लोरअँफेनिकॉल ३४ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. ३७ अंशांवर ओडी (गढूळपणा, म्हणजे वाढ) ०.८ पर्यंत, मग २० अंशांवर आणून ०.५ मिलिमोलर आयपीटीजी (प्रथिन बनवणं सुरू करणारं रसायन), रात्रभर. ३७ अंशांवरच आयपीटीजी दिलं तर निम्मं प्रथिन गाळात जातं. गार झाल्यावरच द्यायचं. दोन लिटरचा फ्लास्क गार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. शेकरच्या पडद्यावर २० दिसणं आणि आतला रस्सा २० होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२४ जुलै

निकेल कॉलम वाया गेला. लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) चढवल्यावर निळसर-हिरवे मणी वरून पांढरे पडत गेले आणि प्रथिन सगळं फ्लो-थ्रूमध्ये (न चिकटता वाहून गेलेल्या द्रवात). कारण: प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) रोखणाऱ्या गोळीत ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन होतं, त्यानं निकेल ओढून नेलं. गोळीच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ईडीटीए नसलेल्या गोळ्या वेगळ्या मिळतात. डबीवर आता लाल मार्करनं लिहून ठेवलंय.

मणी धुऊन १०० मिलिमोलर निकेल सल्फेटनं परत भरले. फ्लो-थ्रू डायलिसिस करून पुन्हा चढवला. धुणं २० आणि ६० मिलिमोलर इमिडाझोलनं (निकेलवरून हिस्टिडिनला हटवणारं रसायन), उतरवणं २५० नं. ६० च्या धुण्यात थोडं इन्हा जातं, जाऊ द्यावं, त्याच्यासोबत ई. कोलायची हिस्टिडिनवाली प्रथिनंही जातात.

मग सुपरडेक्स २०० (आकारानुसार प्रथिनं वेगळी करणारा कॉलम). मुख्य शिखर अल्डोलेज (१५८ किलोडाल्टन) आणि कोनअल्ब्युमिन (७५) या मापाच्या प्रथिनांच्या मध्ये, म्हणजे टेट्रामर. त्याआधी व्हॉइड व्हॉल्यूममध्ये (सगळ्यात आधी बाहेर पडणाऱ्या भागात) छोटा गोळा, तो टाकून दिला. बफर ३० मिलिमोलर पाइप्स, १५० मिलिमोलर मीठ, १ मिलिमोलर ईडीटीए. इथे ईडीटीए चालतं, निकेल मागे राहिलंय. मोजणी २८० नॅनोमीटरवर, एक्स्टिंक्शन (प्रकाश शोषण्याचा गुणांक) ३७,३०० धरून. ५० मायक्रोलिटरच्या नळ्या, द्रव नायट्रोजनमध्ये टाकून -८० वर. नळी एकदा वितळली की परत गोठवायची नाही.

१ ऑगस्ट

अॅसे. सब्स्ट्रेट ट्रान्स-२-डोडेसिनॉइल-कोए, डोडेसिनॉइक आम्ल आणि कोए (कोएन्झाइम ए) यांपासून एथिल क्लोरोफॉर्मेटनं मिश्र अॅनहायड्राइड करून घरीच बनवलं, एचपीएलसीवर साफ केलं. बाजारातून घ्यायचं तर खिसा रिकामा होतो.

एनएडीएच रोज ताजं. २६० आणि ३४० नॅनोमीटरचं गुणोत्तर २.३ च्या आसपास हवं. त्याहून बरंच वर गेलं तर ते बिघडलंय. आम्लात ते लगेच मरतं, म्हणून साध्या पाण्यात नाही, थोड्या अल्कधर्मी बफरमध्ये विरघळवायचं.

आता गणित, कारण पहिले दोन दिवस याशिवाय गेले. एनएडीएच ३४० नॅनोमीटरवर प्रकाश शोषतं, एनएडी नाही; म्हणून एन्झाइमचं काम त्या घटीवरून मोजायचं. ३४० नॅनोमीटरवर एनएडीएचचा एक्स्टिंक्शन ६,२२०. सब्स्ट्रेट २५ मायक्रोमोलर घेतलं तर ते सगळं संपल्यावर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये एकूण घट ०.१५५. ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटरची उंची सुमारे ०.५६ सेंटिमीटर, म्हणजे एकूण घट ०.०८७. आपल्याला हवा पहिल्या दहा टक्क्यांचा उतार: ०.००९. एवढा तर प्लेट रीडरचा स्वतःचा कंप आहे, आणि पायाला २५० मायक्रोमोलर एनएडीएचचं ०.८७ बसलेलंच आहे. प्लेटवरची पहिली फेरी फेकून दिली. क्युव्हेटवर आलो.

दुसरी अडचण: १०० नॅनोमोलर एन्झाइम घेतलं तर तीन-चार मिनिटांत सब्स्ट्रेट संपत येतं आणि सरळ रेषा जेमतेम पंधरा सेकंद मिळते. ३० नॅनोमोलरवर आणलं. ध्यानात ठेवायचं: ३० नॅनोमोलर एन्झाइमवर १५ च्या खालचा आयसी५० (काम निम्म्यावर आणणारी मात्रा) मोजताच येत नाही, रेणू कितीही भारी असो.

९ ऑगस्ट

४० पैकी ६ रेणूंनी ५० मायक्रोमोलरवर निम्म्याहून जास्त काम थांबवलं. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं रसायन) घालून परत केलं: उरले २. बाकीचे चार गुठळ्या करून एन्झाइम गिळत होते. ट्रायटन पहिल्यापासूनच बफरमध्ये हवं होतं, आता कायमचं घातलं.

एक रेणू तर स्वतःच ३४० वर शोषत होता. एन्झाइम न घालता वाचन घेतल्यावर कळलं. प्रत्येक रेणूचं एन्झाइमविना वाचन सक्तीचं.

पावसाळ्याबद्दल: डीएमएसओ (रेणू ज्यात विरघळवून ठेवतो तो द्रव) हवेतलं पाणी ओढतं. झाकण उघडून-बंद करून महिनाभर वापरलेल्या १० मिलिमोलरच्या साठ्यांत तळाशी साका दिसला. त्या नळ्यांतून वरचं द्रावण घेतलं तर खरी मात्रा कुणालाच माहीत नाही. सगळे साठे १० मायक्रोलिटरच्या एकेरी नळ्यांत, सिलिका जेलच्या डब्यात, -२० वर. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

२० ऑगस्ट

उरलेले दोन: क्र. १७ डायफिनिल ईथरच्या, म्हणजे पीटी७० च्या जातीचा, क्र. ३१ वेगळा. कोणत्या रूपाला धरतात ते पाहिलं. मिश्रणात २०० मायक्रोमोलर एनएडी घातलं: १७ चा आयसी५० खाली आला, ३१ चा वर गेला. म्हणजे १७ एनएडीवाल्या इन्हाला पकडतो, ३१ बहुधा एनएडीएचवाल्याला. डॉकिंगमध्ये ३१ फक्त ४बीक्यूपीतच नीट बसला होता. तिन्ही रिसेप्टर ठेवल्याचा उपयोग इथे झाला.

मंद पकड (रेणू हळूहळू घट्ट बसतो का) तपासणं: १० नॅनोमोलर एन्झाइम, ३०० मायक्रोमोलर सब्स्ट्रेट, २५० एनएडीएच, २०० एनएडी, ८ टक्के ग्लिसरॉल, ०.१ मिग्रॅ/मिलि बीएसए (अल्ब्युमिन प्रथिन), अर्धा तास सलग वाचन. सब्स्ट्रेट भरपूर हवं, नाहीतर ते संपल्यामुळे आलेला वाक आणि रेणूच्या मंद पकडीमुळे आलेला वाक यांत फरक करता येत नाही. तुलनेला पीटी७०: रेषा आधी खाली उतरते आणि पहिल्या काही मिनिटांत वळून आडवी होत जाते. १७: सरळ. उतार कमी, पण वाक नाही. येतो, बसतो, निघून जातो. लूप मिटत नसावा.

१२ सप्टेंबर

जंतूवर चाचणी. एच३७आरए (रोग न करणारा वाण), मिडलब्रुक ७एच९ माध्यम, १० टक्के ओएडीसी (पोषक मिश्रण), ०.०५ टक्के ट्वीन ८०, सात दिवस ३७ अंश, मग रेझाझुरिन हा रंग. निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर आहे. कडेचे सगळे खाने २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यानं भरायचे, नाहीतर आठवड्यात कडा सुकतात आणि मात्रा वाढल्यासारखी दिसते. आयसोनियाझिड प्रत्येक प्लेटमध्ये कंट्रोल म्हणून.

१७: एन्झाइमवर मायक्रोमोलरच्या आत, जंतूवर ५० मायक्रोमोलरलाही गुलाबी. अनपेक्षित नाही. ओएडीसीमध्ये अल्ब्युमिन असतं, ते तेलकट रेणूला चिकटतं. त्यात मायकोबॅक्टेरियाचं मेणकट आवरण. अल्ब्युमिनविना माध्यमात परत केलं तेव्हा २५ वर निळा आला. ३१ दोन्हीकडे २५. शिवाय १७ वर मोकळा फिनॉल आहे, शरीरात गेला तर यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून पटकन बाहेर काढेल. ट्रायक्लोसानच्या अख्ख्या घराण्याचं हे दुखणं आहे.

मारा इन्हावरच होतोय का, हे अजून ठरलेलं नाही. त्यासाठी इन्हा जास्त बनवणारा वाण हवा: जनुक प्लाझ्मिडवर, हीट-शॉक प्रमोटरखाली. त्यात एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) चढली तर लक्ष्य तेच. नाही चढली तर रेणू दुसरंच काहीतरी मारतोय.

१ ऑक्टोबर

क्रिस्टल. इन्हा १० मिग्रॅ/मिलि, २ मिलिमोलर एनएडी, दोन तास बर्फात, मग १७. हँगिंग ड्रॉप, पीईजी ४००० आठ ते सोळा टक्के, पीएच ६.५ ते ७.५, १८ अंश. तयार क्रिस्टल भिजवून रेणू आत घालायचा प्रयत्न आधी केला होता: दहा मिनिटांत भेगा. लूप हलायला बघतो आणि क्रिस्टलची बांधणी त्याला हलू देत नाही. एकत्रच वाढवायचे. रेणू विरघळत नाही म्हणून थेंबात २ टक्के डीएमएसओ; ५ टक्क्यांवर नुसता चुरा पडला.

३१ साठी एनएडीऐवजी एनएडीएच. ते आठवडाभरात बिघडतं, म्हणून त्याच्या प्लेट अंधारात आणि चार दिवसांत जे वाढेल तेच घ्यायचं. अजून काही नाही.

६ नोव्हेंबर

१७ चे क्रिस्टल २५ टक्के ग्लिसरॉलमधून उचलून गोठवले आणि इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवरच्या पीएक्स-बीएल२१ या क्ष-किरणांच्या केंद्रावर डेटा घेतला. मॉलिक्युलर रिप्लेसमेंटसाठी (ओळखीच्या संरचनेवरून नवी सोडवणं) एक साखळी, पण तिच्यातून कोफॅक्टर, लायगँड आणि १९५ ते २१० हा भाग आधी कापून टाकला. कापला नाही तर नकाशात तोच लूप परत दिसतो जो आपण घातला, आणि मग आपणच आपली पाठ थोपटतो.

११ नोव्हेंबर

पहिला ऑमिट नकाशा (मुद्दाम वगळलेल्या भागांची इलेक्ट्रॉन घनता दाखवणारा). एनएडी स्पष्ट. फिनॉल कडं स्पष्ट, टायरोसिन १५८ पासून बंधाच्या अंतरावर. दुसरं कडं ३ सिग्मावर (सरासरी गोंगाटाच्या तिप्पट पातळीवर) अर्धवट, शेपटाचे पहिले तीन कार्बन दिसतात, पुढे धूर. १९७ ते २०६ मध्ये काहीच नाही. त्या जागेत पाणी बसवायचा मोह होईल, बसवू नये.

हे २० ऑगस्टच्या सरळ रेषेशी जुळतं. दुसरं कडं पीटी७० पेक्षा मोकळं फिरतंय, कारण त्यावर ऑर्थो जागी (जोडाच्या लगतच्या कार्बनवर) काहीच नाही. पुढची मागणी पाठवली: १७ चे तीन भाऊ, दुसऱ्या कड्यावर ऑर्थोला मिथाइल, क्लोरो आणि सायनो, शेपूट हेक्सिलवरच ठेवून. आले की आधी अर्ध्या तासाचं वाचन, मग क्रिस्टल. रेषा वाकली नाही तर क्रिस्टलवर वेळ घालवायचा नाही.